फुटाण्यांवर दोनशे किलोमीटर

गोड पेयं विकणाऱ्या कंपन्यांशी माझं भांडण आहे आणि ते राहणार. शाळेच्या फाटकासमोर फ्रिज मांडून पोरांना बाटलीची सवय लावायची, याला धंदा म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात. त्यावर मी चार पानी पत्रक लिहिलं आणि नागपुरातल्या शाळांसमोर उभं राहून वाटलं. मथळा ठळक: 'साखर विष आहे. एक कणही नको.' पत्रकात 'पण' आणि 'कधीकधी' लिहायचं नसतं, असं आम्हा प्रचार करणाऱ्यांना शिकवलेलं. तेवढ्यात वाचणारा निसटतो.

आमच्या घरात ते पत्रक शेवटपर्यंत एकाच माणसानं वाचलं. बाबांनी.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्याआधी त्यांना एकदा दोनशे किलोमीटर सायकल चालवायची होती, साडेतेरा तासांच्या आत. वेळेत पोचणाऱ्याला एक छोटं पदक मिळतं. "मले कोणी कधी पदक देलं नाही," असं ते एकदाच, मेथी निवडता निवडता म्हणाले. मी म्हटलं, मीपण येते.

सकाळी सहाला काटोल रोडनं निघालो. कळमेश्वर, काटोल, वरुडच्या अलीकडे वळसा आणि त्याच वाटेनं परत. मी वाटेत केळी खात होते, चिक्की खात होते. लांबच्या सायकलिंगचं हे साधं तंत्र आहे: अंगात साठवलेलं काही तासांत संपतं, म्हणून भूक लागायच्या आधीच दर तासाला पिठूळ नाहीतर गोड काहीतरी पोटात जायला हवं. मला हे पक्कं ठाऊक होतं. पत्रकात मात्र त्याची एक ओळही नव्हती. बाबांना खाण्याचं विचारलं की ते खिशावर थाप मारायचे. "हाये माह्यापाशी." सरावातही हेच उत्तर. त्या खिशात मी कधी डोकावले नाही.

परतताना काटोल सुटलं आणि त्यांचा वेग पडला. मला वाटलं, समोरून वारा आहे. मग त्यांची सायकल सरळ रस्त्यावर झोकांड्या खायला लागली. काय होतंय विचारलं, तर म्हणाले, गॅस बंद करायचा राहिला वाटते. एका पंक्चरच्या दुकानापाशी मी त्यांना उतरवून बाकावर बसवलं. हात गार, कपाळावर घाम. खिसा उलटा केला. मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे. बाटलीत खारं ताक. दीडशे किलोमीटर हा माणूस एवढ्यावर आला होता.

माझी केळी काटोललाच संपलेली. दुकानात टायर, ट्यूब आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये तेच काळं पेय, ज्याच्याविरुद्ध मी घसा फोडला होता. बाबांना साखरेचा आजार नाही. मी बाटली घेतली, उघडली, त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ मिटले.

"तूच त लिहिलं न वं, एक कण बी नको."

"ते शाळेतल्या पोरांसाठी होतं, बाबा."

"असं कुठं लिहिलं हाये?"

कुठंच नव्हतं लिहिलं. मी विचारलं, सरावात त्रास नाही झाला? होत होता, म्हणाले. चक्कर यायची. मग खाल्लं का नाही?

"पोरीचं घरीच कोणी आयकलं नाही, त बाहेरचे काय आयकतीन?"

दुकानदार पाना हातात धरून हे सगळं बघत होता. "काकाजी, घेऊन टाका," तो म्हणाला. "हे विष असतं त मी कवाचाच मेलो असतो. रोज दोन पितो."

"चुकलं माझं, बाबा," मी म्हटलं. "प्या."

तेव्हा ते प्यायले. घोट घोट करत दोन बाटल्या, आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करून, किती गोड आहे म्हणून कुरकुर. अर्ध्या तासानं डोळ्यांत ओळख आली. कळमेश्वरला मी बिस्किटांचे पुडे घेतले आणि पुढचा सगळा रस्ता त्यांच्या शेजारून सायकल चालवत, हात लांब करून, एकेक बिस्किट देत राहिले. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

आम्ही अकरा मिनिटं उशिरा पोचलो. नोंदणीच्या टेबलामागच्या मुलानं घड्याळ आमच्याकडे फिरवलं. मी भांडायला तोंड उघडलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, वाटेत आजारी पडलेला, अकरा मिनिटांचं काय घेऊन बसलात! बाबांनी माझा दंड धरला.

"चाल. म्या बी लोकाईले पाच वाजता खिडकी लावून परत धाडलं हाये."

ती अकरा मिनिटं माझी होती. कुठल्या कंपनीच्या नावावर टाकता येत नव्हती.

बाबा फुटपाथवर बसले आणि बूट काढायला वाकले. बोटं वळत नव्हती. मी समोर उकिडवी बसले, तसा त्यांनी पाय पुढे केला. डावी नाडी लगेच सुटली. उजवीची गाठ घामानं आवळली होती. मी नखानं ती सोडवत राहिले आणि ते माझ्या खांद्यावर हात टेकून, डोळे मिटून बसून राहिले.