बेंवालीची लोकर

माझी वहिनी बुरुलकान लग्न होऊन अत-बाशी गावातल्या आमच्या घरात आली, तेव्हा आईने तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "घरातल्या मोठ्यांची नावं तोंडात येता कामा नयेत." यात नवीन काही नव्हतं. सगळ्याच सुनांना सांगतात. पण माझ्या वडलांचं नाव कोयचुमान, आणि आमच्या भाषेत 'कोय' म्हणजे मेंढी. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे त्या नावात बसलेली मेंढीही घ्यायची नाही. तेही अशा घरात, जिथे मेंढ्यांशिवाय दुसरा विषय नसायचा.

वहिनीने काही दिवस 'ती', 'त्या' असं करून भागवलं. मग एकदा कळप परतताना अंगणातून ओरडली, "अहो, बेंवाल्या आल्या!" वडील हसून हसून घोड्यावरून पडायचे राहिले. तो शब्द घरात राहिलाच. बेंवालीचं मटण, बेंवालीची लोकर. पुढे गल्लीतले लोकही चेष्टेने तसंच म्हणायला लागले.

नणंदेचंही नाव घ्यायचं नसतं, म्हणून मी 'लाडकी'. आज माझे केस पिकलेत, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, शाळेत भूगोल शिकवते. तरी भर बाजारात हाक येते, "अगं लाडके, कांदे बघून घे!"

वडील गेले. भाऊ ट्रक चालवायला रशियात गेला, तो पैसे कमी आणि कारणं जास्त पाठवायला लागला. तेव्हा वहिनीने गाद्या शिवायला घेतल्या. लोकर धुवायची, वाळवायची, काठ्यांनी झोडपायची, पिंजायची, भरायची. शेजारच्या दोघी तिच्यासोबत बसतात. रात्री तिघींच्याही खांद्यांना चरबीचा लेप लागतो आणि तिघी एकाच सुरात कण्हतात. आधी मुलींच्या रुखवतासाठी गाद्या जायच्या. मग सरकारी बालवाडीने मुलांच्या दुपारच्या झोपेसाठी मागवल्या आणि वहिनीचं नाव सरकारी पुरवठादारांत लागलं.

सरकारला माल दिला की बिल ऑनलाइन करावं लागतं. कागदावरचं चालत नाही. आपण बिल पाठवायचं, समोरच्याने ते करारनाम्याशी ताडून मान्य करायचं. मान्य झालं नाही, तर माल पोचलाच नाही असं धरतात. ते सगळं मी करत असे. वहिनी शेजारी बसून फोनवर आलेला आकडा सांगायची. ती तिची सही. मी काय लिहिते ते तिने कधी वाचलं नाही, मीही कधी वाचून दाखवलं नाही.

या डिसेंबरात राजधानीला, बिश्केकला जाऊन मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने नीट दिसत नव्हतंच. पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलेलं. म्हणून बालवाडीच्या गाद्यांचं बिल वहिनीने एकटीने लिहून पाठवलं. आणि ते परत आलं.

बालवाडीच्या मुख्य बाई तामारा असानोव्ना यांचा फोन आला तेव्हा मी वहिनीकडेच होते.

"बुरुलकान, हे काय लिहिलंयस? 'लहान मुलांची गादी, बेंवालीची लोकर'?"

"मग? तुम्हाला माहीत नाही का बेंवाली?"

"मला माहीत आहे गं! तपासणीवाल्याला माहीत आहे का? तो विचारेल, बाई, हे कुठलं जनावर पाळलंय तुम्ही?"

वहिनी लाजली, हसली, म्हणाली, "सवयीने लिहिलं गेलं. बदलते."

बदललं. 'उत्तम लोकर' लिहिलं. तेही परत आलं.

"उत्तम उंटाचीही असते," तामारा असानोव्ना म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "करारनाम्यात जे आहे तेच लिही, अक्षर न अक्षर. वर्ष संपतंय. उद्या दुपारी सरकारी तिजोरीचे व्यवहार बंद झाले की माझ्या हातात काही नाही. माल वेळेत दिला नाही म्हणून तुझं नाव अविश्वासू पुरवठादारांत जाईल. मग बालवाडी नाही, दवाखाना नाही, कुणीच तुझ्याकडून घेणार नाही."

"माल दिला नाही? पोरं झोपतायत ना त्याच्यावर!"

"झोपतायत. मला दिसतायत. कॉम्प्युटरला दिसत नाहीत."

फोन ठेवून वहिनी चुलीशी बसली. शेजारच्या दोघी पलीकडच्या खोलीत गादीला टाके घालत होत्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, त्यात काय एवढं? मी अक्षरं सांगते, तू दाबत जा. नाहीतर त्या दोघींपैकी कुणाला तरी बसव."

"कुणीही दाबली तरी खाली सही माझी. 'मी वाचलं, बरोबर आहे', असं लिहून येतं तिथे. मी खूण करते ना त्याच्यावर."

"याआधी किती वेळा केलीस. मी तेच लिहीत होते."

"मला माहीत नव्हतं तेव्हा." मग म्हणाली, "म्हणजे, माहीत असणार. बघत नव्हते."

माझा आवाज चढला. "अगं, बाबांनाच हसू आलं असतं! बिलावर मेंढी लिहिली म्हणून कुणी वरून दगड मारणार आहे?"

"तुझे बाबा ते. तू नाव घेऊन हाक मारलीस तरी लाडकी. मी त्यांच्यासमोर पाय पसरूनसुद्धा कधी बसले नाही."



आई आतल्या भिंतीशी गाद्यांच्या थरावर बसलेली असते. ऐकू कमी येतं, पण स्वयंपाकघरात काय चाललंय ते तिला कळतं. वहिनी उठली आणि तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. मी मागोमाग गेले.

"आई, ते लिहावं लागतंय."

"काय?"

"बिलात. त्या बेंवालीचं. खरं."

"खरंच लिहायचं. खोटं कशाला लिहितेस?"

"तसं नाही हो. खरा शब्द. तो."

आईला कळलं. तिने कुडत्याची बाही ओढून सरळ केली, पुन्हा ओढली.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "मीसुद्धा त्यांचं नाव कधी घेतलं नाही. चालतं की नाही, मला कुठे माहीत? माझ्या वेळी असली बिलं नव्हती."

"पण लिहू ना?"

"तुझं तू ठरव."

वहिनीला मी रागावलेलं फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशी पाहिलं. आवाज तिने चढवला नाही, उलट खाली आणला. आईला ऐकू आला असेल का, कोण जाणे.

"कणकेत मीठ किती, ते तुम्ही ठरवलंत. माझ्या पोराचं नाव तुम्ही ठरवलंत. माहेरी कधी जायचं, किती दिवस राहायचं, तुम्हीच. आज म्हणता, तुझं तू ठरव?"

आई खिडकीकडे बघत राहिली. बाहेर बर्फ पडलेला आणि वर राखाडी आभाळ. बघण्यासारखं काही नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात परतली, हात धुतले, टॉवेलला पुसले, कॉम्प्युटर पुढ्यात ओढला. मला म्हणाली, "तू बोलू नकोस. करारनामा आहे माझ्यासमोर."

मला पडदा धुकट दिसत होता. नुसता आवाज येत होता. एक अक्षर. बराच वेळ काही नाही. पुढचं अक्षर. मध्ये ती एकदा उठली, चुलीत कोळसा टाकला. गरज नव्हती, चूल लाल झालेली होती. परत येऊन बसली. फोन वाजला, सहीचा आकडा आला, तो तिने मला न सांगता स्वतःच टाकला.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं."

"काय लिहिलंस?"

"जे होतं ते."

उत्तर यायला वेळ लागला. शेजारच्या दोघी काहीतरी निमित्त काढून दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. तामारा असानोव्नांचा फोन आला. "मान्य केलं गं बाई. दोन अक्षरांसाठी जीव काढलास. उन्हाळ्यात उशा लागतील, तयारीत राहा."

दोघी हसल्या. एक म्हणाली, "चला, निदान पुढच्या वेळी बेंवाली आपोआप लिहून येईल." वहिनी हसली नाही. पुढच्या वेळी खरंच पहिलं अक्षर दाबलं की पूर्ण शब्द येणार होता, पण तो बेंवाली नव्हे, बाबांच्या नावातला.

"थकले गं लाडके," ती म्हणाली. "चार पोती लोकर झोडपली असती तर बरं झालं असतं."

आतून आईने विचारलं, "झालं का?"

"झालं."

"मग चहा घाला की कुणीतरी."

आमच्याकडे चहा सून ओतते. पाहुणे असोत, आजारपण असो, सून घरात आहे तर चहाची किटली दुसऱ्या कुणाच्या हातात जात नाही. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय समोर पसरले. उठली नाही.

मी वाट पाहिली. आईनेही पाहिली असणार. मग मीच उठले, चाचपडत किटली शोधली आणि पेले मांडले. अर्धा चहा सतरंजीवर सांडला. आईने आपला पेला दोन्ही हातांनी घेतला. दुसरा मी वहिनीच्या हातात दिला, तर डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "दूध कमी घातलंयस."