दहा किलोमीटर आणि नळाची वेळ

नाशिकहून गाडी सुटली तशी शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली, अजिंठा की वेरूळ? मी सांगितलं, वहिनीला धावताना बघायला चाललेय. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मंगलवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, पन्नाशीत छत्रपती संभाजीनगरच्या शहर-दौडीत उतरणार होती. वर्षभर पहाटे उठून सराव केला होता. तिला गळ्यात पदक हवं होतं, तेही सासरच्या कुणासमोर तरी. सासरची म्हणून मी.

स्टेशनबाहेर शहर नटलं होतं. पुढच्या वर्षीची राज्याची मोठी दौड इथं द्यायची की नाशिकला, हे ठरवायला समिती आली होती. दुभाजकांवर ताजा रंग, रंगावर कुंड्या आणि कुंड्या तारेनं आवळलेल्या. रिक्षावाल्यानं खुलासा केला, "बांधे नै तो शाम तक किसी की गॅलरी में दिखते, मॅडम."

संध्याकाळी दादानं नान-खलिया (मऊ रोटी आणि मटणाचा तिखट रस्सा) आणला. वहिनी नुसता नान चावत बसली. तिच्या वाटचा खलिया मी संपवला.

सकाळी दादा शेवटच्या रेषेपाशी कॅमेरा घेऊन गेला. मी कॉलनीच्या कोपऱ्यावर लिंबूपाणी घेऊन उभी. शेजारच्या दोघींसह वहिनी बायकांत सगळ्यांत पुढे होती. तेवढ्यात एका गॅलरीतून हाक आली, "मंगलताई, नळ आले!"

इथं नळ रोज येत नाहीत, मधे बरेच दिवस जातात. आले की बाकीचं सगळं थांबतं. तिघी वेग कमी न करता उजवीकडे गल्लीत वळल्या. कोपऱ्यावरचा स्वयंसेवक आधीच मोटार लावायला घरी पळाला होता, त्यामुळे मागचे पंधरा-वीस जणही पुढच्यांच्या मागे आत शिरले. गल्ली पुढे बंद. भारी घड्याळवाला एक धावपटू रस्ता विचारू लागला, तर एका आजींनी त्याच्या हातात पाइप दिला. "उभाच हाईस तर हे धर."

वहिनी कुलूप काढत होती. मी मागोमाग पोचून किल्ली मागितली.

"तुम्हाला नाय जमायचं, वन्सं. मोटारीचं बटण दाबून धरावं लागतं. आधी पिण्याचं, मंग हौद."

"जमेल. तुम्ही पळा."

जागच्या जागी धावत तिनं एकदा पिंपाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली टाकली आणि गेली. आजींच्या तावडीतून सुटलेला घोळका पुन्हा तिच्या मागे. शेजारच्या दोघी मात्र घरीच राहिल्या. वहिनीचा हौद (जमिनीखालची टाकी) भरेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली.

ती स्कूटरवरून परतली ती गळ्यात पदक घालूनच. वयोगटात तिसरी. समितीनं मधेच गायब झालेल्या धावपटूंबद्दल विचारलं, तेव्हा ते पाण्यासाठी थांबले होते असं दादानं सांगितलं म्हणे. समितीनं सोय उत्तम असल्याचा शेरा मारला.

वहिनीनं उतरताच हौदाचं झाकण उचलून आत डोकावलं.

"पिण्याचं आधी भरलं ना?"

"भरलं."

मग ती पायरीवर बसली आणि पदक उलटसुलट करून बघत बराच वेळ हसत राहिली.

परतीच्या गाडीत लासूर स्टेशन मागे पडलं. नाशिककर म्हणून मोठी दौड आमच्याकडे यावी असं मला वाटायला हवं. आमचे रस्ते बरे आहेत, कुंड्याही बांधाव्या लागत नाहीत. पण मला कुणी विचारलं असतं, तर दौड तिकडेच द्या म्हटलं असतं. फक्त नळ येतात त्या दिवशी ठेवू नका. वहिनी पहिली येईल.