दुखरी दाढ आणि देवीचा शंख

शिरूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी वरची दाढ तपासून रूट कॅनॉल सांगितलं, तेव्हा खुर्चीत आडवा असतानाच मी विचारलं, "दुसरं काय न्हाई का?" त्या म्हणाल्या, "आहे ना काका, दाढ काढायची. लवंगेनं, गोळ्यांनी दुखणं दबतं, आतली नस बरी होत नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन नेमके तेच उद्योग केले.

कारण नवरात्र तोंडावर आलं होतं. रांजणगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या देवीच्या सांजआरतीला वडील गेल्यापासून शंख मीच फुंकतो. इतरांनी गाल फुगवून पाहिले, पण शंखातून नुसता वारा निघाला. त्यामुळं माझ्यावाचून आरती अडते, अशी माझी पक्की समजूत. डॉक्टरांनी दाढेला हात लावला आणि शंख बंद पडला तर? मी लवंगेचं तेल लावलं, दाढेत हिंग भरला. शेवटी चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, सांगण्यावरून भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धूर घेतला. त्यानं दाढेतली कीड खालच्या परातीत पडते म्हणतात. आप्पा वाकून ओरडले, "पडली, पडली!" बायको म्हणाली, "आप्पा, ती रिंगणीची बी हाय."

मग देवीलाच साकडं घातलं. नवरात्र होईस्तोवर दाढ सांभाळ, पुढं तुला वाटेल ते कर.

घटस्थापनेच्या सकाळी गाल टम्म सुजला आणि अंगात ताप भरला. बायकोनं स्कूटीवर मागं बसवून मला शिरूरला नेलं. दाढेला चीर पडून ती मुळापर्यंत गेली होती, आता रूट कॅनॉलही टिकणार नव्हतं. बायकोनं शंखाचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरची दाढ काढल्यावर जोरानं फुंकायचं नाही. जखम भरेपर्यंत शंख अजिबात नको." मला रडूच आलं. डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आई, तुझी आरती, तुझा शंख, तूच बघ. इतके दिवस मी तिला काय करायचं ते सांगत होतो. तिच्यावर सोपवलं ते त्या दिवशी. दाढ निघाली. घरी येऊन मी गाढ झोपलो.

संध्याकाळी गालाला रुमाल बांधून शंख नुसता देवीपुढं ठेवायला गेलो. पुजारी गुरवमामा हळहळले, "औंदा शंखाबिगरच आरती म्हणायची." तेवढ्यात मागून एक बाई पुढं आल्या. आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या बंगाली भाभी. नवरा कंपनीत शिफ्टला जातो. आमचं बोलणं नमस्कारापुरतंच. त्यांनी शंखाकडं बोट दाखवलं. "भैया, मैं बजाऊँ?"

गुरवमामा चाचरले. "बाईमानसानं?"

"मामा, आत बसलीय ती कोण हाय मग?" बायको म्हणाली.

भाभींनी शंख धुतला, कपाळाला लावला आणि फुंकला. माझा सूर मध्येच फाटायचा. त्यांचा लांबच लांब गेला, शिखरावरची पारवळं उडाली. वाजवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आरतीनंतर म्हणाल्या, "हमारे यहाँ औरतें ही बजाती हैं. इस बार दुर्गापूजा में घर जाना नहीं होगा. सुबह से देवी माँ को बोल रही थी, मुझे यहीं बुला लो."

म्हणजे एकाच अंगणातून देवीला दोन हाका गेल्या होत्या. देवीनं माझी परतवली आणि भाभींची ऐकली, असं आधी वाटलं. पण त्या सुराखाली हात जोडून उभा असताना मला इतकं निवांत वाटत होतं, की माझीही ऐकलीच होती म्हणायची.

जखम कधीच भरली. डॉक्टरीणबाईंनी फुंकायची परवानगी दिली, तिथं नवा दात बसवू म्हणाल्या, बसवीनही. पण देवीच्या वाराची, शुक्रवारची आरती आता भाभींची. मी मागं उभा राहून टाळ्या वाजवतो. शंख घुमू लागला की जीभ आपोआप दाढेच्या रिकाम्या जागी जाते, आणि तिथं काहीसुद्धा दुखत नाही.