शीतल माडीवरून खाली आली

सोमवारी सेलूला बस्ता होता... वंदीच्या पोरीच्या लग्नाचा. वंदी म्हणजे माझी भाची. सगळ्या बाया एकाच जीपमधे, कशा बसलो ते विचारूच नका!

माझी नात शीतल तिथल्या एका साड्यांच्या दुकानात कामाला, म्हणून तिथंच गेलो. पण ती खाली दिसेना. मालकानं तिला लागतानाच सांगितलं होतं, काउंटरला उजळ पोरी लागतात... म्हणून ही वर माडीवर, घड्या घालायला.

तेव्हापासून पोरगी तोंडाला काहीबाही क्रीम चोळायची. ऊन उतरलं तरी स्कार्फ सोडायची नाही. संध्याकाळी आमच्या देवगाव फाट्यावर एसटीतून सगळ्याच पोरी नुसते डोळे उघडे ठेवून उतरतात, त्यात आमची कोणती मला समजायचंच नाही... पुढच्या महिन्यात काम सोडते म्हणत होती.

तर काय सांगत होते... एक गोरीपान पोरगी खांद्यावर साड्या टाकून दाखवायली होती. तिला सगळ्याच शोभायच्या. तीच साडी वंदीनं आरशापुढं अंगाला लावली की रंग मरायचा. चहा झाला, ढीग लागला, पसंत एकही नाही.

वंदी वैतागली. "ओ शेठ, हिच्यावर पोतं टाकलं तरी शोभंल! आमी उन्हात रापलेल्या बाया. आमची शीतल कुठं कोंडली? बोलवा तिला."

आधी ती गोरी पोरगीच हसली. "बोलवा मालक, तेवढीच मी टेकते. सकाळपासून पावडर लावून उभी हाय." तिचंही काही सुखाचं नाही बघा...

शीतल आली. केसांत धूळ, चेहरा पडलेला. तिनं डाळिंबी साडी खांद्यावर टाकली... आणि आमच्या सगळ्या बाया पदर हातात घ्यायला पुढं सरकल्या!

"हीच. बांधा," वंदी म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या गादीवरची अनोळखी बाई म्हणते, "ए ताई, ती मोरपंखी बी जरा तुझ्याच अंगावर टाक की."

मालक ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून शीतल खाली काउंटरला. त्याला अक्कल आली का गिऱ्हाईक दिसलं? मला वाटतं, गिऱ्हाईकच... साड्या नेसणाऱ्या आमच्यासारख्या, मग दाखवणारी आमच्यासारखी का नको, हे इतके दिवस मलाही कुठं सुचलं होतं?

वंदे, तुझे लय उपकार गं. काल मी फाट्यावर उभी होते. एसटीतून पोरी उतरल्या, त्यातली एक स्कार्फ हातात घेऊन, वारं खात येत होती... लांबूनच ओळखली मी.