वॉटर्लूहून आलेला रिसीव्हर

तो माणूस मला आवडला नाही आणि आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सगळं गोड झालं असं कोणी समजायला नको.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये आमच्या मराठी लोकांची फ्लॅग फुटबॉलची टीम आहे. इथल्या खऱ्या फुटबॉलमध्ये माणसं एकमेकांना आडवी पाडतात. पोट सुटलेल्यांसाठी त्याचा हा मवाळ प्रकार. कमरेला पट्टा, पट्ट्याला लोंबणारी फडकी. ज्याच्या हातात बॉल, त्याचं फडकं ओढलं की तो तिथेच थांबला. एकजण मागून बॉल फेकतो, तो आमचा कॅप्टन. आणि कडेने सुसाट पळत जाऊन जो तो झेलतो, त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. तो मी होतो.

टीममधले बाकीचे सगळे शिकलेले. कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणी ऑइल कंपनीत, एकजण तर युनिव्हर्सिटीत शिकवतो. मी नववीत शाळा सोडली, इचलकरंजीत मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसलो, तिथून दुबईच्या वर्कशॉपमध्ये आणि तिथून इथे, पुन्हा टायरच्याच दुकानात. पहिल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवण झाल्यावर मी भांडी घासायला थांबलो, तेव्हा कॅप्टनने विचारलं, राहतोस कुठे. दुकानाच्या मागच्या खोलीत, असं मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या बेसमेंटमध्ये राहायला आलो. वहिनींनी त्याचं जुनं जॅकेट दिलं, टोपीला लव असलेलं. त्या जॅकेटमुळे मी तो हिवाळा काढला. हे उपकार आहेत. मी ते कधी नाकारले नाहीत, आणि कोणी मला विसरूही दिले नाहीत.

त्यांच्या घरांमध्ये सगळे माझ्याशी फार गोड वागायचे. "अरे, तू कशाला उचलतोस," म्हणायचे आणि सोफ्याचं एक टोक माझ्याकडे यायचं. "तुझ्या हाताला काय चव आहे रे," म्हणायचे आणि शंभर माणसांची आमटी माझ्याकडे यायची. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या गाड्या एका शनिवारी कॅप्टनच्या ड्राइव्हवेवर रांगेने उभ्या राहायच्या. विंटर टायर काढून उन्हाळ्याचे बसवून द्यायचं काम माझं. त्या गोड बोलण्याचीच मला भीती वाटायची. आज काही चुकलं तर उद्या हे बोलणं बंद होईल, असं सारखं वाटायचं.

मैदानावर मात्र तसं नव्हतं. तिथे बॉल सुटला की ऑइल कंपनीवाला कमरेवर हात ठेवून ओरडायचा, "ए टायर! हाताला तूप लावून आलायस का?" कॅप्टन म्हणायचा, "डोळे घरी ठेवून येतोस काय, गाढवा?" आणि मीही ओरडायचो, "फेकता तरी येतो का तुला?" त्याला घरी मी दादा म्हणायचो, अहोजाहो करायचो. तिथे मी त्याला अरे म्हणायचो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. या देशात मला शिव्या देण्याइतकं आपलं मानणारी तेवढीच एक जागा होती.

मार्चमध्ये कॅनडातल्याच वॉटर्लूहून हा आला. इंजिनिअर, कंपनीने बदली केलेला. तिकडे बरीच वर्षं रिसीव्हर म्हणून खेळलेला, आणि टीम फुटल्यामुळे मोकळा झालेला. "आत्ता तो फ्री एजंट आहे," कॅप्टन हातावर हात चोळत म्हणाला. "दुसऱ्या कोणी उचलायच्या आधी आपण घेऊन टाकू." पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा मी दारात बर्फ काढत होतो. त्याने बुटांचा बर्फ मी नुकत्याच साफ केलेल्या पायरीवर झटकला, मला "थँक्यू, बॉस" म्हणाला आणि आत गेला. आतून लगेच हसण्याचा आवाज आला.

अडचण एवढीच होती की लीगच्या यादीत ठरावीकच नावं बसतात. एकजण आत म्हणजे एकजण बाहेर.

आमची टीम म्हणजे मंडळाचंच पिल्लू, त्यामुळे साधा बॉल घ्यायचा तरी ठराव होतो. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, सेक्रेटरी वाचून दाखवतो आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. कधीतरी भांडणं होऊन मंडळाची दोन मंडळं झाली होती, तेव्हापासून इथे बहुमत कोणी मोजत नाही. विरोध असेल तर माणूस चहाला आत जातो आणि ठराव झाल्यावर बाहेर येतो.

मीटिंगच्या आदल्या दिवशी कॅप्टन जिना उतरून खाली आला. माझ्या पलंगावर बसला. "उद्या ठराव मांडतोय. अनुमोदन तू दे. छान दिसेल ते."

"मी बाहेर का?" मी विचारलं.

"बाहेर कुठे? टीम मॅनेजर करतोय तुला. पाणी, पट्टे, सामान, सगळं तुझ्या ताब्यात. आणि तुला तरी कुठे वेळ असतो? या दिवसांत तुमच्या दुकानात झुंबड. जरा आराम कर, राजा."

राजा म्हणाला तेव्हाच मला कळलं की ठरलं आहे. मैदानावर त्याने मला कधी राजा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर हॉलमध्ये सगळे जमले. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. सेक्रेटरीने ठराव वाचला, सूचक म्हणून कॅप्टनचं नाव घेतलं आणि माझ्याकडे बघून पेन उचललं. मी उभा राहिलो.

"माझं अनुमोदन नाही. माझा विरोध आहे."

युनिव्हर्सिटीवाला हसून म्हणाला, "अरे, कशाला विरोध?"

"म्हातारा आहे तो."

"अनुभव आहे त्याला."

"टीव्हीवरच्यालाही होता." त्या हिवाळ्यात आमच्या शहराच्या व्यावसायिक टीमने एक उतारवयाचा रिसीव्हर घ्यावा की नाही, याची रोज चर्चा चालायची, आणि ही सगळी मंडळी ती बघत दात काढायची. "त्याला तुम्ही याच सोफ्यावर बसून थेरडा म्हणालात. तो पस्तिशीचा. हा सत्तेचाळीसचा."

"ते प्रोफेशनल लेव्हलला रे. कॉन्टेक्स्ट वेगळा असतो."

"गुडघे तेच असतात."

एकजण हसला आणि लगेच खिचडीकडे वळला. सेक्रेटरी पेन धरून तसाच बसला होता. "विरोध लिहायचा कसा पण? आपलं तर सर्वानुमते असतं."

"सगळ्यांचं मत नाहीये ना. मग ठराव पडला."

तेव्हा ऑइल कंपनीवाल्याने प्लेट खाली ठेवली. "म्हणजे आता नववी पास माणूस आम्हाला नियम शिकवणार?"

"नापास," मी म्हणालो. "नववी नापास."

मग कॅप्टन शांतपणे म्हणाला, "अंगात जॅकेट कोणाचं आहे, बघ जरा."

"अहो!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. हॉलमध्ये थंडी नव्हती; मी जॅकेट काढायला विसरलो होतो, एवढंच. आता काढलं असतं तर तमाशा झाला असता आणि ठेवलं तर शोभा. मी ते अंगात ठेवूनच जिना उतरलो.

ठराव मंजूर झाला नाही आणि त्याची गरजही पडली नाही. दोन दिवसांनी फोनवरच्या ग्रुपमध्ये यादी आली. त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, मॅनेजर लवकरच कळवू. त्याच्याखाली टाळ्या वाजवणारे हात. मी ग्रुप सोडला. त्या एप्रिलमध्ये ड्राइव्हवेवर रांग लागली नाही. मी बोलावलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

आमच्या टायरच्या दुकानाचीही एक टीम आहे, त्याच लीगमध्ये. बहुतेक फिलिपिनो, दोन युक्रेनचे, एक पंजाबी. मला घ्यावं का, यावर त्यांनी माझ्यासमोरच वाद घातला, आणि मी चाक बॅलन्स करत ऐकत उभा राहिलो. पंजाबी म्हणाला, "भाईसाहब, बुरा मत मानना, पर बाल तो सफ़ेद हो गए आपके." युक्रेनचा माणूस माझ्या पायांकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मी वॉटर्लूवाल्याबद्दल जे बोललो तेच सगळं माझ्याबद्दल बोलून झालं, फक्त इथे तोंडावर. शेवटी फोरमनने बॉल माझ्या छातीवर फेकला. झेलला. "बचावालाही उभं राहायचं, आणि कुरकुर करायची नाही," तो म्हणाला.

जूनमध्ये आमच्याच मराठी टीमशी सामना पडला. शाळेमागचं मैदान, अंगावर येणारे डास, कुंपणावर कलकलणारे मॅगपाय पक्षी. वहिनी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बघून हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. मला उभं केलं होतं वॉटर्लूवाल्याच्या समोर.

आता एक सांगायला हवं. कॅप्टनची एक जुनी सवय होती. तो खेळाची चाल मैदानावर उघड ओरडून सांगायचा, मराठीत. समोरच्यांना कळणार कसं? पंजाबी पोरं असतात म्हणून हिंदीसुद्धा टाळायचा. इतर टीम समजायच्या, हे काहीतरी भलतंच गुप्त प्रकरण आहे. आणि त्या दिवशीही तो नेहमीसारखा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "वॉटर्लू, थोडा पुढे जा आणि आत वळ! लगेच देतो!"

मी आत जाऊन उभा राहिलो. बॉल सरळ माझ्या पोटात आला.

वॉटर्लूवाला माझ्याकडे बघतच राहिला. पुढच्या वेळी कॅप्टन ओरडला, "डाव्या कोपऱ्यात, लांब!" मी डाव्या कोपऱ्यात. तिसऱ्यांदा तर बॉल त्याच्या हातात पोचायच्या आधीच मी थापट मारून पाडला. वॉटर्लूवाला गुडघे धरून धापा टाकत होता. धापा मीही टाकत होतो, पण मला कुठे जायचं ते आधी कळत होतं. फोरमन बाहेरून माझ्या नावाने ओरडत नाचत होता. त्याला वाटलं, मी फार हुशार आहे.

कॅप्टनला मग उमगलं. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "ए टायर! हरामखोरा! लाज नाही वाटत?"

"नाही वाटत!" मी ओरडलो. "फेकायला शीक आधी!"

त्याच्यानंतर त्यांना इंग्रजीत खेळावं लागलं. ऑफिसमध्ये फाडफाड बोलणारी माणसं, पण कॅप्टन "गो... गो लेफ्ट, नो, स्टे" असं काहीतरी म्हणायचा आणि युनिव्हर्सिटीवाला भलतीकडेच पळायचा. इंग्रजी आमच्याही सगळ्यांना कळत होतंच. आम्ही जिंकलो.

पट्टे सोडताना वॉटर्लूवाला माझ्याजवळ आला. "तुम्ही स्वतःहून सोडलंत, असं मला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मग आता कळलं."

"कळलं. तरी मी जागा सोडणार नाही."

"सोडू नका. पुढच्या वेळीही मीच असेन समोर."

त्याने हात पुढे केला नाही आणि मीही केला नाही. तेवढं एक त्याचं मला पटलं.

त्या महिन्याअखेरीस मी बेसमेंट सोडलं. कॅप्टनने जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. सामान बाहेर काढताना तो ड्राइव्हवेवर गाडीला टेकून उभा होता, फोनमध्ये बघत. गाडीला अजून विंटर टायरच होते. उन्हाळ्यात ते मेणासारखे झिजतात.

"टायर बदलून घ्या," मी म्हणालो.

"बघतो."

"दुकानात फोन करून वेळ घ्यावी लागेल. एवढ्यात मिळणार नाही."

त्याने फोनमधून मान वर केली. "फार शहाणा झालायस, गाढवा," तो म्हणाला.

जॅकेट मी घेऊन आलो. परत करावं असं फार मनात आलं होतं, घडी घालून पायरीवर ठेवलंही होतं. मग ऑक्टोबरात इथे पडणारा पहिला बर्फ आठवला, आणि मी ते उचलून पिशवीत कोंबलं.