पुठ्ठ्याच्या आतली चिठ्ठी

पूर्वी काही हौशी माणसं आपल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या आत स्वतःच्या नावाची छापील, नक्षीदार चिठ्ठी चिकटवत. तिला बुकप्लेट म्हणतात. माझ्याकडे तीन वह्या भरून अशा चिठ्ठ्या आहेत. कुणाच्या चिठ्ठीवर मोर, कुणाच्या समई, एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तर चष्मा लावलेलं घुबड. ज्याला कधी पाहिलं नाही, त्याची हौस हातात येते. मला त्याचं वेडच लागलं.

वेड उशिरा लागलं, हे खरं दुखणं. वडील गेल्यावर अंबरनाथचं घर सोडून आम्ही बदलापूरला बेलवलीत आलो, तेव्हा त्यांची पुस्तकं मीच रद्दीत घातली. एकही उघडून पाहिलं नाही. त्यांनीही अशा चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या, शिवमंदिराच्या भिंतीवर कोरलेल्या वेलीचं चित्र घालून, हे मला फार नंतर आठवलं. बैल गेला आणि झोपा केला! पण मी हट्टी माणूस. त्यातली एक तरी मिळवायचीच, असं ठरवलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी उल्हासनगरला रद्दीच्या गोदामात जातो. रद्दीतून कुणी वाचायला उचललेली पुस्तकंही फिरून शेवटी तिथेच येतात. तिथे पुठ्ठा वेगळा आणि कागद वेगळा विकतात, म्हणून पुस्तक आलं की आधी पुठ्ठा फाडतात. त्याआधी मला पोचावं लागतं. गोदामाचे सिंधी मालक हसतात, "साईं, संडे को भी ड्यूटी?"

गेल्या वर्षी एका सुट्या पुठ्ठ्याच्या आत ती वेल दिसली. बाबांचं नाव, खाली निळ्या शाईत त्यांच्या हातच्या दोन ओळी. चष्मा नेमका घरी राहिला होता. घरी आलो, सवयीने पुठ्ठा कोमट पाण्यात ठेवला आणि चष्मा शोधायला गेलो. चिठ्ठ्या मी अशाच सोडवतो. छापाची शाई पाण्याला दाद देत नाही. पेनाची देते, हे डोक्यातच आलं नाही. परत येऊन बघतो तर पाणी निळसर आणि ओळी गायब. मी लहान मुलासारखा रडलो.

बायको म्हणाली, "अहो, बाबांनी काय एकाच पुस्तकावर लिहिलं असेल? मी पण येते तुमच्याबरोबर."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघं जात राहिलो. शेवटी तिलाच ती वेल सापडली. मला हात लावू न देता तिने तिथेच उभ्याने वाचलं, "मुलासाठी ठेवतो आहे. आत्ता तो उघडत नाही, पुढे कधीतरी उघडेल."

तिच्या हातात नुसता पुठ्ठा होता. पानं आदल्या दिवशीच लगद्याला गेली होती.

मी पुठ्ठा घेतला आणि वरचं पुस्तकाचं नाव कागदावर उतरवलं. ते कुठूनही मिळवून, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी आता गप्प बसणार नाही.