पत्रकाखालचं नाव

हिंगणघाटच्या सुनंदाताईवर मी अन्याय केला. १९९८ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, तिच्याच दुकानात. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — संघटनेत नाही, घरी नाही. पत्रकं ढिगानं लिहिली. हे एक पान लिहायला सहा वर्षं लागली.

ताई सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायची. जिल्ह्यात तिच्याइतका साफ हात कुणाचा नव्हता. पण नुसता डबा काय कामाचा? मराठीत धड चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम — यंत्र सुरू केलं की आधी जागी होते ती — तेव्हा पुण्याच्या एका कंपनीकडे होती. कंपनी ती फक्त स्वतःच्या यंत्रात घालायची, आणि ते यंत्र गावातल्या शाळेला झेपणारं नव्हतं. ताईनं परवाना मागितला: तुमची सिस्टिम माझ्या डब्यात घालू द्या. कंपनीत म्हणे दोन तट पडले. दिली तर ती गावोगावी पोचेल, हा एक. दिली तर आपला डबा घेणार कोण, हा दुसरा. अखेर पत्र आलं — साहेब दुकान पाहायला येतील.

मी तेव्हा तेवीसचा. मला धीर कुठला? ‘भाषा आमची, कुलूप तुमचं?’ असं पत्रक मी लिहिलं. कंपनीला दरोडेखोर म्हटलं. ताईनं वाचलं, हसली.

“लिवलं झकास. पण माह्यं नाव टाकू नोको बाप्पा. आधी परवाना हाती येऊ दे, मंग बोंबल गावभर.”

मी ‘बरं’ म्हटलं.

मराठीसाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनेत एक रीत होती: पत्रकाखाली निवेदक म्हणून कुणाचं तरी नाव हवंच. बिननावाचं पत्रक भित्र्याचं — हे वाक्य माइकवर मीच ठणकावून सांगायचो. दरवेळी खाली माझं नाव असायचं. या वेळी नव्हतं. का? कारण त्याच कंपनीच्या वर्ध्यातल्या क्लासमध्ये शिकवायच्या नोकरीसाठी मी अर्ज केला होता. हो — ज्यांना दरोडेखोर म्हटलं, त्यांच्याकडेच.

म्हणून छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्यानं “निवेदक कोण?” असं विचारल्यावर, मी ताईचं नाव सांगितलं. दोन शब्द. वेळ किती लागला असेल?

पत्रक अल्लीपूरच्या बाजारात वाटलं, वर्ध्याच्या स्टँडवर वाटलं; हिंगणघाटात, ताईच्या नजरेस पडेल असं, एकही नाही. सोमवारी साहेब आला, तेव्हा त्याच्या खिशात पत्रकाची घडी होती. ती त्यानं टेबलावर, ताईच्या स्क्रूड्रायव्हरशेजारी उलगडली. मी तिथेच बसलो होतो — ताईनंच बोलावलं होतं, आपलं माणूस जवळ असावं म्हणून.

“साहेब, हे मी नाई काढलं,” ताई म्हणाली. “याले विचारा.”

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो — शब्द न् शब्द आठवतो — “लिहून मी दिलं. पण काढायला ताईनं सांगितलं. नावही त्यांनीच टाकायला लावलं.”

साहेबानं घडी परत खिशात घातली. चहा तसाच टाकून निघून गेला. महिन्याभरात कंपनीचा निर्णय कळला: बाहेरच्या कुणालाच परवाना नाही. आधीच नको म्हणणाऱ्यांच्या हाती मी कागद दिला होता.

ताई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “माइकवर तं लय गर्जत व्हतास. आज काऊन गळा बसला रे?” आणि उघड्या डब्याचे स्क्रू पुन्हा आवळायला लागली.

मला नोकरी मिळाली; साहेबाच्या लेखी मी नुसता लिहून देणारा होतो. दोन वर्षं मी त्या कंपनीचा बिल्ला छातीवर लावला, आणि रविवारी मक्तेदारीविरुद्ध भाषणं ठोकली. ताईनं यंत्रं जोडणं सोडलं. आज तहसीलसमोर ती लोकांचे अर्ज टाइप करते — त्याच कंपनीच्या यंत्रावर.

पत्रकातला मुद्दा खरा होता. आजही खरा आहे. त्यानं माझं काही झाकलं जात नाही.

ते पत्रक तुमच्याकडे कुठे पडलं असेल — गुलाबी कागद आहे — तर काढा. खालचं सुनंदाताईचं नाव खोडा. तिथे माझं लिहा.